हौदाचे गणित

आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी हौदाचे गणित सोडवले असेल. एका नळाने हौद चार तासांत भरतो, दुसऱ्याने सहा तासांत; दोन्ही एकदम सोडले तर किती वेळात भरेल? जरा वरच्या इयत्तेत गेले की त्याच हौदाला तळाशी तिसरा नळ फुटतो, आणि वरचे दोघे भरीत असता तो बिचारा हौद रिकामा करीत बसतो. मी हे गणित पुष्कळ वर्षे शिकवीत आलो आहे. दरवर्षी वर्गातला एखादा तरी मुलगा विचारतोच, “गुरुजी, तो खालचा नळ बंद का नाही करीत?” त्याला सारा वर्ग हसतो. माझे मत असे, की त्या वर्गात त्या दिवशी शहाणा प्रश्न तेवढा एकच विचारला जातो.

राज्याच्या पाण्याचा हिशेब हे असेच एक मोठे हौदाचे गणित आहे. 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले आणि लगोलग ते मांडायला घेतले गेले. बर्वे आयोगाने 1962 साली आपला अहवाल दिला. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 1999 साली दुसरा, पुष्कळच विस्तृत असा अहवाल दिला. कोणत्या खोऱ्यात पाणी किती, त्यांतले अडवता येईल किती, जमीन किती भिजेल आणि या साऱ्याला पैसा किती लागेल, हे असल्या अहवालांतून मांडलेले असते. ते कादंबरीसारखे वाचावेत असे मी कोणाला सांगणार नाही. पण आपल्या समाजाला काय हवेसे वाटते हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने त्यांची पाने जरूर चाळावीत.

कारण ‘गरज’ हा शब्द दिसतो तेवढा भोळा नाही. भुयारी गटारे असलेल्या शहरातल्या माणसाला रोज 135 लिटर पाणी लागते, असे सरकारी मानक आहे. खेड्यातल्या माणसाला पूर्वी 40 लिटर पुरत असे. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने त्याचे 55 केले. शहरात शौचकूपाला पाणी जास्त लागते हे खरे. पण खेड्यातल्या दारी म्हैस बांधलेली असते, तिलाही तहान लागते! म्हणजे गरज मोजण्यापूर्वीच ती कोणाची किती मोजावयाची हे कोणी तरी ठरवून ठेवलेले असते.

पण मला आज बोलावयाचे आहे ते या वरच्या नळांविषयी नव्हे, खालच्या नळाविषयी.

आपल्याकडे म्हण आहे, घर पाहावे बांधून. बांधलेले घर सांभाळून पाहावे, असे मात्र कोणी म्हणून ठेवलेले नाही. घरोघरी हे काम बायकांकडे आणि म्हाताऱ्यांकडे असते, म्हणून कदाचित त्याची म्हण झाली नसावी. पावसाळ्याआधी कौले परतावयाची, दिवाळीआधी भिंतीला चुन्याचा हात द्यावयाचा, माठाला चीर गेली की ओळखावयाची – यातले काही चुकले तरच ते दिसते. नीट झाले तर झाले आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

सरकारी जमाखर्चात हीच गोष्ट आणखी पक्की होऊन बसली आहे. नवे धरण हा भांडवली खर्च. त्यासाठी कर्ज मिळते, रोखे काढता येतात, कोनशिला बसवता येते. कालव्याचे अस्तर दुरुस्त करणे, दारे बदलणे, चाऱ्यांतला गाळ काढणे हा बहुतेक महसुली खर्च. काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते. दुरुस्त केलेल्या चारीचे उद्घाटन करायला कोण येणार?

27 सप्टेंबर 2018 रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा कालव्याची भिंत फुटली आणि भर दिवसा वस्त्यांतून पाणी शिरले. भिंत उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी पोखरली होती, असे तेव्हा सांगण्यात आले. पुढच्याच वर्षी 2 जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. वीसेक माणसे गेली. धरण गळत असल्याचे आम्ही आधी कळवले होते, असे गावकऱ्यांनी सांगितले. आणि एका मंत्र्यांनी पुन्हा खेकड्यांचेच नाव घेतले. खेकडा बिळे करतो, यात खोटे काही नाही. तो पहिल्या धरणाच्या आधीपासून बिळे करीत आला आहे. म्हणून तर बंधाऱ्यावर फिरून बिळे बुजवणारा माणूस पगारावर ठेवावयाचा असतो. तो जागेवर होता का, त्याने काय लिहून पाठवले आणि ते कोणी वाचले, हा प्रश्न खेकड्याला विचारता येत नाही.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्या बाईच्या गावात नळच नाही, तिला काय सांगावयाचे? शहराचा जुना नळ आधी दुरुस्त होऊ दे, तू आणखी दहा वर्षे हंडा वाहा, असे? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी न्यावे लागले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्या गाडीची वाट पाहणाऱ्या शहराला देखभालीचे पाठ देणारा माणूस निर्दय म्हणावा लागेल. जिला काहीच मिळालेले नाही तिचा हक्क पहिला, हे मी मानतो. पण तिला देताना काय देतो आहोत? गावाबाहेर उभी असलेली कोरडी टाकी तुम्हीही पाहिली असेल – रंग ताजा, योजनेचे नाव ठळक, आणि पंपाची वीज तुटलेली. चार वर्षांनी बंद पडणारा नळ त्या बाईच्या हिशेबी मांडणे ही मला मदत वाटत नाही. तिच्या दारातला नळ चालू राहावा म्हणून दर वर्षी लागणारा पैसा हाही तिच्याच पहिल्या हक्काचा भाग आहे.

आणि हा पैसा तिच्याच नव्हे, तिच्या नातवाच्याही वाट्याचा असतो. 1996 साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि लोकांना रोखे विकून धरणांसाठी पैसा उभारला गेला. घाई होती, कृष्णेच्या पाणीवाटपाच्या निवाड्याची मुदत 2000 साली संपत होती. कर्ज काढून बांधण्यात मला अधर्म दिसत नाही; धरण शंभर वर्षे टिकणार, तर त्याचा भार एकाच पिढीने का सोसावा? पण या युक्तिवादाला एक अट आहे. कर्जाचा हप्ता नातवाकडे जाणार असेल तर धरणही धडपणी त्याच्या हाती गेले पाहिजे. आजोबाने घर गहाण टाकले आणि कौलेही परतली नाहीत, तर नातू त्याला काय म्हणेल?

पाणीपट्टीतून देखभाल-दुरुस्तीचा खर्च निघावा, असे तत्त्व 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने घालून दिले. कागदावर ते चोख आहे. पण कालव्याच्या शेवटाचा, टेलचा शेतकरी म्हणतो, माझ्यापर्यंत पाणीच येत नाही, पट्टी कशाची भरू? खाते म्हणते, पट्टी नाही तर दुरुस्ती कशी करू? दोघेही आपापल्या जागी खरे, आणि चारीत गवत वाढत राहते.

पूर्वी हे कोणाला साधलेच नव्हते असे नाही. धुळे-नाशिककडे पांझरा आणि मोसम या नद्यांवर फड पद्धत होती. काही ठिकाणी ती अजूनही टिकून आहे. बंधारा गावाचा, पाणी वाटणारा पाटकरी गावाने नेमलेला, आणि हंगामाआधी पाट साफ करावयाचा तो सर्वांनी मिळून. तेथे डागडुजीला वेगळे नाव देण्याची गरजच पडत नसे, ती शेतीचाच भाग होती.

अलीकडचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणाचे. 1990 च्या सुमारास ओझरच्या शेतकऱ्यांनी कालव्याच्या पुच्छभागात तीन पाणीवापर संस्था काढल्या. पाणी मोजून घ्यावयाचे, पट्टी आपण गोळा करावयाची, चाऱ्या आपण राखावयाच्या, असा त्यांचा खाक्या. पुढे तशा संस्था वीसहून अधिक झाल्या आणि साऱ्या प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांकडे आला. मला यात सर्वांत बोलके वाटते ते हे, की सुरुवात धरणाच्या पायथ्याशी झाली नाही. तेथल्या माणसाला पाणी मिळतच होते. चारी फुटली काय आणि राहिली काय, त्याचे अडत नव्हते. गळती कोठे आहे हे ठाऊक होते ते शेवटच्या शेतातल्या माणसाला.