पडद्यानंतर

सईद मिर्झांच्या १९९५च्या ‘नसीम’मध्ये आजोबा झालेल्या कैफी आझमींच्या उशाशी बसून गोष्टी ऐकणारी शाळकरी नात आठवते? त्या औरंगाबादच्या मयूरी कांगो. पुढे ‘पापा कहते हैं’ आला, मालिका झाल्या. मग न्यूयॉर्कला एमबीए करून त्या डिजिटल जाहिरातींच्या क्षेत्रात शिरल्या आणि २०१९ मध्ये गूगल इंडियात मोठ्या पदावर गेल्या. तरी हळहळ उरतेच : अरेरे, सिनेमा सोडला! ही हळहळ मला जरा फुकटचीच वाटते. आपल्या गोंदियाकडे मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या, दिवसांत झाडीपट्टीचं नाटक रात्रभर गाजवणारा नट पावसाळ्यात रोवणीच्या चिखलात उभा असतो. त्याची कीव कोण करतं? धुऱ्यावरून जाणारा फक्त विचारतो, ‘काय गा, यंदा कोणतं नाटक?’