पहिला शब्द कोणत्या वेगाने?

मेमरी कार्ड यंत्रात घातले की ते हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे, म्हणजे ड्रायव्हरपुढे, एक पेच उभा राहतो. कार्ड किती वेगाने बोलू शकते, हे त्याच्याच रजिस्टरमध्ये लिहिलेले असते. पण ते वाचायचे तर कार्डाशी बोलावे लागते, आणि बोलायचे तर क्लॉकचा वेग आधी ठरवावा लागतो. एसडी कार्डाच्या मानकात यावर नियम आहे: ओळख पटेपर्यंत क्लॉक 400 किलोहर्ट्झच्या वर न्यायचा नाही. नंतर तेच कार्ड 25 मेगाहर्ट्झने धावते, काही तर 208 मेगाहर्ट्झने.

भारतीय तत्त्वज्ञानातल्या मीमांसक आणि नैयायिक या दोन पंथांच्या जुन्या वादात हाच पेच आहे. शब्द आणि अर्थ यांचे नाते संकेताने जुळते, असे नैयायिक मानतात. मीमांसक विचारतात, पहिला संकेत कोणत्या शब्दांत सांगितला? त्या शब्दांसाठी आणखी आधीचा संकेत लागणार, म्हणजे अनवस्था. म्हणून ते नाते नित्यच मानले पाहिजे. मला कार्डाची साक्ष नैयायिकांच्या बाजूची वाटते. 400 या आकड्यात नित्य असे काही नाही. जुन्या मल्टिमीडिया कार्डांत ओळखीच्या वेळी कमांडची तार ओपन-ड्रेन पद्धतीने चाले. तिला वर खेचण्याचे काम रोधकाकडे असे आणि सिग्नल सावकाश चढे. त्या सावकाशीला सोसेल असा आकडा माणसांनी ठरवला, आणि तो दोन्ही बाजूंना संवादाच्या बाहेरून मिळतो. मीमांसक म्हणतील, तो दस्तऐवजही भाषेतच लिहिला ना? हे खरे आहे, आणि मानवी भाषेच्या उगमाचा प्रश्न कार्डाने सुटत नाही. पण कोणताही संवाद स्वतःचा पाया स्वतः घालू शकत नाही, एवढे दोघांनाही मान्य करावे लागेल.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. लिनक्स कर्नल 400 किलोहर्ट्झला उत्तर मिळाले नाही तर 300, मग 200, मग 100 करून पाहते. मग हा संकेत कसला, ही तर चाचपणी! मात्र चाचपणीची दिशा पाहावी. वेगवान कार्डाला सावकाश विचारलेला प्रश्न कळतो, मंद कार्डाला घाईने विचारलेला कळत नाही. ही विषमता वस्तूंच्या स्वभावातली आहे, आकडा तेवढा माणसांचा. म्हणून अपयश आले की ड्रायव्हर उतरत जातो. 400च्या वरचा एकही आकडा त्या यादीत नाही.