खोडदची शांतता कोणाच्या खर्चाने?

पुणे-नाशिक रेल्वेचा वाद जुन्नर-आंबेगावात आता 'विज्ञान की विकास' असा मांडला जातो. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा मार्ग आखला गेला होता. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला बाधा येईल म्हणून तो शक्य नाही, असे रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितले आणि अहिल्यानगर-शिर्डीकडून जाणारा मार्ग पुढे आला. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो आणणारा शेतकरी विचारतो, "तुमच्या ताऱ्यांसाठी आमची गाडी का अडवता?" हा प्रश्न रास्त आहे, आणि 'विज्ञान महत्त्वाचे' एवढ्या उत्तराने तो मिटत नाही.

आधी दुर्बिणीची बाजू नीट समजून घेऊ. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ खोडदजवळ दाटीने, उरलेल्या १६ तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ताणलेल्या दोरांवर पोलादी तारांची जाळी बसवून ही डिश हलकी आणि स्वस्त केली. वारा तिच्यातून आरपार जातो. जागा निवडताना डोंगरांचा आडोसा आणि रेडिओ गोंगाटाचा अभाव पाहिला होता. दूरच्या दीर्घिकांकडून येणारा संकेत इतका क्षीण असतो, की विजेच्या तारेच्या इन्सुलेटरवर उडालेली ठिणगीही त्याला गिळते. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या टपावर अशा ठिणग्या रोजच्याच. "मग दुर्बीण दुसरीकडे हलवा," असे कोणी म्हणेल. पण जिथे न्याल तिथेही कोणाची तरी शेते आणि गावे असणार. "आता ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत 'स्का' ही महादुर्बीण उभी राहते आहे, ही जुनी झाली," हाही आक्षेप टिकत नाही. त्या प्रकल्पातला भारताचा वाटाच जीएमआरटीच्या अनुभवावर उभा आहे. शिवाय २०२३ मध्ये अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचा जो पुरावा जगापुढे आला, त्यात खोडदची निरीक्षणे होती. तेव्हा ही शांतता राखायलाच हवी, याबद्दल मला शंका नाही. माझा आक्षेप आहे तो तिची किंमत कोणाकडून वसूल होते, याला.

जमिनीवरची रेल्वे एका हरकतीने थांबते; डोक्यावरून जाणारे उपग्रह थांबत नाहीत. नेदरलँड्सच्या लोफार दुर्बिणीने २०२४ मध्ये दाखवून दिले, की उपग्रहांवरून इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकच्या दुसऱ्या पिढीच्या उपग्रहांमधून नकळत गळणारे रेडिओ उत्सर्जन पहिल्या पिढीच्या तुलनेत ३२ पटींपर्यंत तीव्र आहे. ते ज्या लांब तरंगलांबीच्या पट्ट्यात गळते, त्यातल्या काही भागात जीएमआरटीही ऐकते. या कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी २०२४ च्या अमेरिकी निवडणुकीत २५ कोटी डॉलरांहून अधिक पैसा ओतला आणि पुढच्याच वर्षी सरकारी खर्चकपातीच्या मोहिमेची सूत्रे त्यांच्याकडे आली. ज्याचे नियमन करायचे, तोच नियमन करणाऱ्या सरकारच्या आत बसला. पाश्चात्त्य लोकशाहीत पैसा, तंत्रज्ञान आणि सत्ता एकाच हाती गोळा होण्याचा हा अर्थ आहे, आणि तो वॉशिंग्टनपुरता राहत नाही. अमेरिकेतच ग्रीन बँकच्या दुर्बिणीभोवती १९५८ पासून राखीव शांतता क्षेत्र आहे. तिथले गावकरी घरातल्या वाय-फायवरही बंधने सोसत आले, आणि आता त्यांच्या माथ्यावरूनही हेच उपग्रह जातात.

"पण आहुप्याच्या, भीमाशंकरच्या डोंगरातल्या वाड्यांना इंटरनेट नको का?" हा सगळ्यात अवघड आक्षेप आहे. हवेच. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी दुर्गम जिल्ह्यांसाठी इरादापत्र केले, त्यामागची गरज खोटी नाही. मात्र गरज खरी असली म्हणून पुरवठादाराला अटी घालायच्या नाहीत, असे होत नाही. दुर्बीण ज्या दिशेला पाहत असेल तिथून उपग्रहाचा झोत वळवण्याची व्यवस्था याच कंपनीने अमेरिकेतल्या राष्ट्रीय वेधशाळेबरोबर केली आहे. म्हणजे तंत्र हाताशी आहे. मागणाऱ्याचे वजन तेवढे पाहिजे. नाणेघाटातला दगडी रांजण जकातीचा, असे या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. घाट वापरणारा व्यापारी कितीही धनवान असो, जकात चुकत नसे. आपल्या आकाशातून धंदा करणाऱ्याला तोच न्याय लावायला हवा.

आंबेगाव तालुक्याला त्याग नवा नाही. ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, आणि धरणाचे पाणी कालव्यांनी पार खालच्या तालुक्यांपर्यंत जाते. अशा माणसांना पुन्हा एकदा 'देशासाठी सोसा' म्हणताना सरकारने आधी दोन गोष्टी कागदावर आणाव्यात. रेल्वे खोडदपासून दूर न्यायची असेल, तर जुन्नर-आंबेगावाला तिच्याशी जोडणारी ठोस, कालबद्ध पर्यायी वाहतूक. आणि उपग्रह इंटरनेटच्या प्रत्येक परवान्यात जीएमआरटीच्या संरक्षणाची अट, उपग्रहांतून नकळत होणाऱ्या गळतीसह. जुन्नर-आंबेगावच्या लोकप्रतिनिधींनी रेल्वेसाठी जेवढा आवाज उठवला, तेवढाच या अटीसाठीही उठवावा.