स्वतःबद्दल सांगा, डॉक्टर

महाभारताच्या युद्धाचा सतरावा दिवस. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर छावणीत पडून आहे आणि अर्जुन त्याची विचारपूस करायला आला आहे. थोरल्याला वाटतं, हा कर्णाला मारूनच आला. तसं झालेलं नाही हे कळल्यावर त्याचा तोल जातो आणि तो म्हणतो, तुझं ते गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. अर्जुन तलवार उपसतो, कारण असं म्हणणाऱ्याचं डोकं उडवायचं अशी त्याची मनातल्या मनात केलेली प्रतिज्ञा आहे. कृष्ण मधे पडतो आणि तोड काढतो: वडीलधाऱ्याला अरे-तुरे करणं म्हणजे त्याला मारणंच, तेवढं कर. अर्जुन तेवढं करतो आणि पुन्हा तलवार उपसतो, आता स्वतःच्या मानेसाठी. कृष्णाची दुसरी तोड पहिलीपेक्षा खोचक आहे. जीवच द्यायचाय ना? मग स्वतःची स्तुती कर.

अर्जुन करतो. शंकराखेरीज माझ्यासारखा धनुर्धर नाही, वगैरे.

कर्णपर्वातली ही गोष्ट दाताच्या नव्या डॉक्टरांना कुणी सांगत नाही. त्यांना सांगतात ते नेमकं उलट. चार वर्षं बीडीएस, एक वर्ष इंटर्नशिप, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची पदवी, राज्य दंत परिषदेची नोंदणी, एवढं सगळं झाल्यावर पुण्या-मुंबईतल्या एखाद्या क्लिनिकच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि समोरून प्रश्न येतो, ‘स्वतःबद्दल सांगा, डॉक्टर.’ त्याची तयारी आठवडाभर आरशासमोर झालेली असते. सीनियरनं बजावलेलं असतं की लाजू नकोस, जरा वाढवूनच सांग, सगळेच सांगतात.

आरशासमोरच्या त्या आठवड्यात मुद्दा धर्माचा आहे हे क्वचितच कुणाच्या लक्षात येतं. पोटासाठी स्वतःची तारीफ करावी का? केली तर किती?

मराठी घरात वाढलेल्या मुलीला याचं उत्तर शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं मोजली, त्यात आपलीच स्तुती करणारा सुरुवातीलाच येतो आणि त्याच्याच शेजारी वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणारा. (‘आमच्या पप्पांचंही क्लिनिक आहे’ हे वाक्य मुलाखतीत टाकावं की नाही, याचा निकाल समर्थांनी असा आधीच लावून ठेवला आहे.) वैद्यकाचे जुने ग्रंथ तर याहून कडक आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात प्राण वाचवणारा वैद्य आणि रोगच वाढवणारा भोंदू यांतला फरक सांगितला आहे. भोंदू ओळखायचा कसा? तो वैद्याचा वेष करून रस्त्यारस्त्यांतून हिंडतो, कुणी आजारी असल्याचं कानावर आलं की तिकडे धावतो, आपले गुण मोठ्या आवाजात सांगतो आणि आधीच्या वैद्याच्या चुका पुन्हा पुन्हा उगाळतो. आजच्या भाषेत यातलं निम्मं वर्णन मार्केटिंगमध्ये जाईल.

चरक तेवढ्यावर थांबत नाही. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्याला जो उपदेश आहे, त्यात ज्याला खरोखरच येतं त्यानंही आपल्या ज्ञानाची फार बढाई मारू नये असं म्हटलं आहे, कारण विश्वासू माणूससुद्धा फुशारक्या मारायला लागला की लोक वैतागतात. म्हणजे खोटी बढाई वाईटच, पण खरीही बरी नव्हे. अर्जुन तरी काय खोटं बोलला होता?

मग या मुलीनं त्या केबिनमध्ये गप्प बसायचं का? तेही जमणारं नाही. बोलली नाही तर तिची जागा बोलणाऱ्याला मिळेल, आणि त्याला येत असेलच असं नाही. विनयाची ही अडचण जुन्या वैद्यांना कळत होती असं दिसतं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात लागून आलेले दोन अध्याय आहेत, नववा आणि दहावा, आणि ते वाचताना वाटतं की हे मुलाखतीच्या तयारीसाठीच लिहिले असावेत.

नववा अध्याय योग्येचा, म्हणजे हात बसवण्याचा. शास्त्र कितीही पाठ असलं तरी हात बसल्याशिवाय माणसाच्या अंगाला शस्त्र लावू नये, हा त्याचा गाभा. कापायचा सराव कोहळ्यावर, दुध्यावर, काकडीवर. आणि ओढून काढायचा सराव? फणस, तोंडली आणि बेलफळ यांच्या गरावर, आणि मेलेल्या जनावरांच्या दातांवर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचा हा ग्रंथ दात उपटायची तालीम दातावरच करायला सांगतो. आजची मुलं पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दाढा कोरतात, मग फँटम हेडच्या, म्हणजे सरावासाठीच्या कृत्रिम डोक्याच्या, जबड्यात कॅव्हिटी पाडतात, काढलेले दात गोळा करून प्लास्टरमध्ये रोवतात आणि त्यांच्यावर आरसीटीचा, म्हणजे रूट कॅनालचा, हात बसवतात. फणस गेला, पद्धत तीच राहिली.

दहावा अध्याय व्यवसायाच्या रस्त्यावर पहिलं पाऊल टाकणाऱ्याचा. त्यात अटींची यादी आहे: ग्रंथ शिकलेला, त्याचा अर्थ कळलेला, प्रत्यक्ष कर्म पाहिलेला, सराव केलेला, शास्त्र बोलून दाखवू शकणारा आणि राजाची परवानगी मिळालेला. ही शेवटची अट म्हणजे १९४८च्या दंतवैद्य कायद्याखालची नोंदणीच म्हणायची. त्या कायद्याच्या जागी आता २०२३चा राष्ट्रीय दंत आयोग कायदा आला आहे. मग पेहराव: नखं आणि केस कापलेले, स्वच्छ, पांढरे कपडे, पायात जोडे, हातात छत्री आणि काठी, पण वेष भपकेबाज नको. मुंबईच्या जुलैत मुलाखतीला निघालेल्या कुणाही उमेदवाराला यात काठी सोडून काही कमी करता येणार नाही. त्याच यादीत पुढे एक शब्द येतो, अकुहक. ज्याच्यात छक्केपंजे नाहीत तो.

यादीचा क्रम पाहण्यासारखा आहे. शिकलं, समजलं, पाहिलं, केलं. यातली एकही गोष्ट स्तुती नाही, प्रत्येक तपासून घेता येते. ‘मी उत्तम एंडोडोंटिक्स करते’ ही आत्मस्तुती झाली. ‘इंटर्नशिपमध्ये पुढच्या दातांच्या आरसीटी एकटीनं केल्या, दाढांच्या मॅडमच्या देखरेखीखाली, आणि रीट्रीटमेंट फक्त पाहिली आहे’ ही माहिती झाली. चरक ज्या बढाईला वैतागतो ती इथे कुठे नाही, आणि तरीही मुलीनं स्वतःबद्दल सगळं सांगितलं आहे.

घोटाळा होतो तो एका सर्वनामापाशी. डेंटल कॉलेजच्या बोलीत ‘आम्ही’ फार चालतो. ‘आम्ही आडवी अक्कलदाढ काढली.’ प्रत्यक्षात काढली सरांनी. बोलणारा सक्शन धरून उभा होता, फार तर गाल बाजूला ओढून धरला होता. कॉलेजात त्यात वावगं काही नाही, युनिटचा अभिमान असतो. पण तेच ‘आम्ही’ केबिनमध्ये ‘मी’ होऊन बाहेर पडतं, आणि ‘पाहिलं’ व ‘केलं’ यांच्यात सुश्रुतानं ठेवलेलं अंतर एका अक्षरात पुसलं जातं. शेवटच्या वर्षी ठरवून दिलेल्या पेशंटचा कोटा पूर्ण करण्यासाठी आत्या-मावशांना खुर्चीवर आणून बसवणाऱ्या पोरांना हे अंतर किती मोठं असतं ते चांगलं माहीत असतं.

इथे अर्जुनाची गोष्ट अपुरी पडते. त्याची स्तुती ऐकायला थोरला भाऊ होता, कृष्ण होता; त्याला किती येतं हे त्या दोघांना ठाऊक होतं आणि नुकसान झालंच तर त्याचं एकट्याचं. दाताच्या डॉक्टरची मुलाखत दोघांत होत असली तरी तिथे न बसलेला एक तिसरा असतो. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी सहाची अपॉइंटमेंट घेतलेला, खालची दाढ ठणकणारा माणूस. मुलीनं वाढवून सांगितलेल्या प्रत्येक आरसीटीची परतफेड त्याच्या तोंडात व्हायची असते. आत्मस्तुती म्हणजे आत्महत्या हा कृष्णाचा हिशेब इथे लागू पडत नाही, कारण जखम बोलणाऱ्याला होत नाही.

त्याच प्रसंगात कृष्ण आणखी एक गोष्ट सांगतो, कौशिकाची. सदा खरं बोलण्याचं व्रत घेतलेला हा तपस्वी. चोरांच्या भीतीनं काही लोक रानात लपले, चोरांनी येऊन विचारलं, कौशिकानं खरं सांगून टाकलं, माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. सत्याचं मोल ते कुणावर जाऊन आदळतं यावर ठरतं, असं कृष्णाचं म्हणणं. या गोष्टीचा आधार घेऊन हुशार उमेदवार म्हणेल, बघा, प्रत्येक खरं सांगायलाच हवं असं नाही. बरोबर आहे. पहिल्यांदा भुलीचं इंजेक्शन देताना हात थरथरला होता, हे न विचारता सांगण्याची गरज नाही. पण कौशिकाच्या गोष्टीचं टोक दुसरीकडेही लागतं. तिथे खरं बोलल्यामुळे निरपराध माणूस सापडला. इथे खोटं बोलल्यामुळे सापडतो. दोन्हीकडे त्या तिसऱ्यालाच पाहायचं आहे.

चांगले मुलाखतकार त्या तिसऱ्याच्याच बाजूनं प्रश्न विचारतात. वरच्या पहिल्या दाढेत कॅनाल किती? पुस्तकी पोर तीन म्हणून मोकळी होते. हात घातलेली सांगते की पुढच्या गालाकडच्या मुळात बहुतेक वेळा दुसरा असतो आणि तोच सुटतो. ऑटोक्लेव्ह किती अंशांवर, किती वेळ? १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. इंजेक्शन दिल्यावर पेशंटला अ‍ॅनाफिलॅक्सिस आला तर? अ‍ॅड्रेनालिन, एकास हजार, अर्धा मिलिलिटर, मांडीच्या स्नायूत, आणि ते ड्रॉवरमध्ये कुठे ठेवलंय हे आधी माहीत हवं. ही उत्तरं पाठ करता येतात. पाठ करता येत नाही ते एकाच प्रश्नाचं: फाइल कधी तुटली का हातात?

आरसीटीच्या बारीक फाइली तुटतात. वाकड्या मुळात, पुन्हा पुन्हा वापरलेल्या असल्या तर जास्तच. निष्णात हातांतही तुटतात. त्यामुळे ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्या नव्या डॉक्टरनं एक तर फारच थोडं काम केलं असतं किंवा ती खरं सांगत नसते. खरं विचारायचं असतं ते पुढचं. एक्स-रे काढला का? सरांना बोलावलं का? पेशंटला सांगितलं का? अकुहक या शब्दाची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही, कारण तुटलेलं टोक दातात राहिलं की पुढच्या प्रत्येक एक्स-रेत ते पांढऱ्या रेघेसारखं दिसतं, तो एक्स-रे दुसऱ्या गावच्या डॉक्टरनं काढला तरी.

हे सगळं उमेदवारावरच लादणं अन्यायाचं होईल. चरकानं आठव्या अध्यायात शिष्याला आधी गुरूची परीक्षा घ्यायला सांगितली आहे: हात बसलेला आहे का, स्वच्छ आहे का, जवळ उपकरणं आहेत का, अहंकारी, मत्सरी, रागीट तर नाही ना, शिष्यावर माया करतो का. नोकरी मागायला गेलेल्या मुलीनं एवढं विचारावं असं म्हटलं तर लोक हसतील, पण दोन प्रश्न तिनं विचारायलाच हवेत. ट्रीटमेंट प्लॅन कोण ठरवतं, आणि पगार फिक्स की पर्सेंटेज? दुसऱ्या प्रश्नावर गीतेची गाठ पडते. फळावर नजर ठेवू नको हे सांगणं सोपं; पण जिथे प्रत्येक कॅपमागे हिस्सा ठरलेला आहे, तिथे फळ रोज संध्याकाळी रजिस्टरमध्ये लिहिलं जातं. पर्सेंटेज घेणं म्हणजे पाप नव्हे, हजारो प्रामाणिक डॉक्टर त्यावर जगतात. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं मात्र दंत परिषदेच्या आचारसंहितेनं अनैतिक ठरवलं आहे. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, भरून भागेल अशा दाढेला आरसीटी सुचवण्याचा जो मोह असतो, त्याच्यासाठी कुठलंही कलम नाही. तो मोह आवरता येईल अशा जागी नोकरी धरणं, ही मुलाखतीच्या तयारीतली सगळ्यांत अवघड गोष्ट आहे आणि तिच्यावर कुणी क्लास काढलेला नाही.

राहता राहिले टेबलाच्या पलीकडचे. वाढवून सांगणाऱ्याला नेमायचं आणि ‘दाढेची आरसीटी अजून एकटीनं केलेली नाही’ म्हणणारीला ‘कळवतो’ म्हणायचं, ही रीत त्यांनीच पाडली आहे. नव्या पोरांना बढाई मारायला कॉलेजनं शिकवलेलं नाही, या ‘कळवतो’नं शिकवलं आहे. तेव्हा क्लिनिक चालवणाऱ्या डॉक्टरांना एवढीच विनंती: पुढच्या उमेदवाराला ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणण्याऐवजी तुमच्या हातून काय बिघडलं आणि मग तुम्ही काय केलंत, हे विचारा. त्यानं नीट सांगितलं, तर त्याचं नाव यादीतून खोडू नका.