'काहीच कळलं नाही' हे कुणाला कळलं?

"काय गाढ झोप लागली होती, काहीच कळलं नाही!" सकाळी घरोघरी ऐकू येणाऱ्या या वाक्यावर भारतीय दर्शनांत शतकानुशतकं वाद झडला. काहीच कळत नव्हतं, तर झोप गाढ होती हे ठाऊक कुणाला?

अद्वैती म्हणतात, ही आठवण आहे आणि अनुभवावाचून आठवण नाही. म्हणून सुषुप्तीतही, म्हणजे गाढ झोपेतही, सारं पाहणारा साक्षी जागा असलाच पाहिजे. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे मान्य नाही. अंग हलकं झालंय, रात्र सरलीय, यावरून माणूस उठल्यावर अनुमान करतो, एवढंच.

या वादातला सर्वांत प्रामाणिक आवाज छांदोग्य उपनिषदातल्या इंद्राचा. प्रजापतीकडे 96 वर्षं ब्रह्मचर्यानं राहिल्यावर त्याला सांगण्यात येतं, की जिथं स्वप्नही पडत नाही अशी गाढ झोप हाच आत्मा. समाधानानं निघालेला इंद्र देवांपर्यंत पोचण्याआधीच थबकतो. त्या झोपेत 'हा मी' एवढंही कळत नाही. मग हा तर नाशच, यात कसलं भलं? हातात समिधा घेऊन तो परत येतो. प्रजापती रागावत नाही. तुझं खरं आहे म्हणतो आणि आणखी 5 वर्षं ठेवून घेतो. शिष्याच्या शंकेला इतका मान देणारे ग्रंथ थोडेच.

1953 साली शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेत मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात, हे नोंदवलं. तेव्हा उठवलेल्या बहुतेकांनी स्वप्नं सांगितली. साधारण 90 मिनिटांच्या चक्रात येणारी ही 'रेम' झोप म्हणजे स्वप्न, बाकीची कोरी, असं समीकरण रूढ झालं. ते टिकलं नाही. बाकीच्या झोपेतून उठवलेली माणसंही पुष्कळदा काही ना काही सांगत.

2017 साली फ्रान्चेस्का सिक्लारी, जूलियो टोनोनी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोक्यावर 256 इलेक्ट्रोड लावून झोपलेल्यांना पुन्हा पुन्हा उठवायचं आणि विचारायचं, आत्ता मनात काय चाललं होतं? कुणी स्वप्न सांगितलं, कुणी 'काही नाही' म्हटलं. तिसरं उत्तर विलक्षण होतं: काहीतरी होतं, पण काय ते आठवत नाही. असं म्हणणाऱ्यांच्या मेंदूच्या मागच्या भागातल्या संथ लहरी उठण्याआधीच ओसरल्या होत्या, अगदी स्वप्न सांगणाऱ्यांसारख्या.

याचं उत्तर नैयायिकांना द्यावं लागेल. कारण ही खूण जाग येण्यापूर्वीची आहे. पण अद्वैतींनीही जिंकल्याची घाई करू नये. 'काही नाही' म्हणणाऱ्यांत ती खूण दिसली नाही, आणि इंद्राची शंका नेमकी त्याच झोपेबद्दल आहे. साक्षी तिथंही आहे म्हणावं, तर विषयच नसलेलं भान यंत्रावर कसं उमटेल, हे आधी सांगावं लागेल.