न पाहिलेल्या गाडीचा सौदा



आपल्या मराठीत एक जुनी म्हण आहे : पाण्यात म्हैस, बाहेर मोल. म्हैस डोहात डुंबते आहे, तिची शिंगे आणि पाठ तेवढी दिसते आहे, आणि काठावर उभे राहून दोघेजण तिची किंमत ठरवीत आहेत. फिक्हच्या ग्रंथांतही याच जातीची उदाहरणे येतात : पाण्यातला मासा, हवेतला पक्षी. म्हण मी बी.ए.च्या वर्गात शिकलो आणि उदाहरणे मदरशात. दोन्हींचा विषय एकच आहे, हे मात्र गेल्या पावसाळ्यात एका तरुणामुळे ध्यानात आले.

इशाच्या नमाजनंतर तो थांबला. "मौलाना, एक मसला विचारायचा आहे," म्हणाला. त्याने मोबाइलवर छायाचित्रे पाहून एक जुनी डिझेल गाडी घेतली होती. किंमत चार लाख दहा हजार. वीस हजार टोकन आधी पाठविले, उरलेली रक्कम गाडी ट्रकवर चढल्यावर. गाडी आली तेव्हा चकचकीत होती, किलोमीटरचा काटा अठ्ठेचाळीस हजारांवर होता, घरात मिठाई वाटली गेली. पहिल्या मोठ्या पावसानंतर आतून कुबट वास येऊ लागला आणि डॅशबोर्डवरचे दिवे आपोआप लागू लागले. मिस्त्रीने पायाखालचे कार्पेट उचलले तर खाली वाळलेला गाळ. गाडी कुठल्यातरी पुरात बुडून निघालेली होती. विकणाऱ्याला फोन केला, तर त्याचे उत्तर एकच : जशी आहे तशी दिली, मी काही हमी दिली नव्हती.

मला वाटले, पैसे परत मागता येतील का, असे तो विचारणार. त्याचा प्रश्न निराळा होता. त्याने गाडी त्याच ॲपवर विक्रीला लावली होती, आणि छायाचित्रेही तीच, जी पाहून तो स्वतः फसला होता. "चांगली आली आहेत ना फोटो," असे काहीसे ओशाळून म्हणाला. कोल्हापूरच्या एका गृहस्थाने तीन लाख नव्वद हजार देऊ केले होते. टोकन घ्यावे की नाही, एवढेच त्याला हवे होते.

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी जरा मागे जावे लागेल. न पाहता वस्तू घेणे हे मुळात जाइज आहे का?

आपल्यापैकी घाटावरचे बहुतेक लोक हनफी मसलकाचे, तर कोकणातील बहुसंख्य बांधव शाफिई. या प्रश्नात दोन्ही मसलकांची वाट वेगळी होते. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते न पाहिलेल्या वस्तूचा सौदा होतो, परंतु खरेदीदाराला वस्तू पाहीपर्यंत आणि पाहिल्यावर तो सौदा मोडण्याचा अधिकार राहतो. यालाच खियार-ए-रुअयत म्हणतात. हा अधिकार करारात लिहावा लागत नाही, तो शरीअतनेच दिलेला आहे. याचा आधार म्हणून हनफी ग्रंथांत एक प्रसंग येतो. हजरत उस्मान (रजि.) यांनी बसरा येथील आपली जमीन हजरत तल्हा (रजि.) यांना विकली. लोक दोघांनाही म्हणू लागले, तुम्ही फसलात. दोघांनीही उत्तर दिले, मी ती पाहिलेली नाही, तेव्हा मोडण्याचा अधिकार माझा आहे. निवाडा हजरत जुबैर बिन मुत्इम (रजि.) यांच्याकडे गेला आणि त्यांनी अधिकार हजरत तल्हांचा, म्हणजे घेणाऱ्याचा, असा निर्णय दिला.

इमाम शाफिई (रह.) यांच्या मसलकातील ग्राह्य मतानुसार मात्र न पाहिलेल्या विशिष्ट वस्तूची विक्री मुळी सिद्धच होत नाही. म्हणून रत्नागिरी-रायगडच्या माझ्या बांधवांनी दूरची गाडी घ्यायचीच असेल, तर त्या गावातील एखाद्या जाणत्या माणसाला खरेदीचा वकील नेमावे. त्याने गाडी पाहावी आणि सौदाही त्यानेच करावा. हनफींनाही हीच रीत बरी. पण एक ध्यानात असू द्या : खरेदीच्या वकिलाचे पाहणे ते तुमचेच पाहणे ठरते. नंतर 'मी कुठे पाहिली होती' असे म्हणता येणार नाही. ऐबाचा, म्हणजे दोषाचा, अधिकार तेवढा शिल्लक राहील.

आता 'पाहणे' म्हणजे काय? मदरशात 'हिदाया' शिकताना याच प्रकरणावर आम्ही मुले हसलो होतो. तिथे लिहिले आहे की, घोड्याचा चेहरा आणि पुठ्ठा पाहिला म्हणजे पुरे. मांसासाठी बकरी घ्यायची असेल तर ती हाताने चाचपून पाहावी, आणि दुधासाठी पाळायची असेल तर कास पाहावी. बाराव्या शतकातील मर्गीनानी साहेबांना बकरीच्या कासेचे एवढे काय, असे तेव्हा वाटले. आज समजते. ज्या कामासाठी वस्तू घ्यायची, त्या कामाचा अंदाज जिथून येतो ती जागा पाहणे म्हणजे पाहणे. गाडी घेतो ती चालविण्यासाठी. तिच्या रंगाचे बारा कोनांतून काढलेले फोटो म्हणजे दूधवाल्या बकरीची शिंगे पाहण्यासारखे आहे. माझ्या समजुतीप्रमाणे छायाचित्राने किंवा व्हिडिओने गाडी 'पाहिली' असे होत नाही.

मग गाडीची कास कोणती? हे मला त्या मिस्त्रीने शिकविले, आणि वाचकांच्या उपयोगाचे म्हणून लिहितो. इंजिन थंड असताना ते सुरू करून पाहावे; आधीच तापवून ठेवलेले इंजिन बरेच दोष लपविते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. पुरातून निघालेल्या गाडीत धुलाई करणाराचा हात सहसा तिथपर्यंत पोचत नाही आणि पट्ट्यावर चिखलाची रेघ राहून जाते. सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का, डिकीतील जादा चाकाच्या खळग्यात गाळ आहे का, हे पाहावे. 2005 ची मुंबई, 2019 चे कोल्हापूर-सांगली, 2021 चे चिपळूण ज्यांना आठवते, त्यांना पाण्याखाली गेलेल्या गाड्यांचे पुढे काय झाले असेल हा प्रश्न पडायला हवा. काट्यावरचा आकडा मागे फिरविता येतो; म्हणून सर्व्हिसच्या जुन्या पावत्या मागाव्यात.

काटा मागे फिरविणे हे नव्या काळाचे पाप नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विक्रीपूर्वी उंटिणीची वा बकरीची कास बांधून, दूध साठवून ती भरलेली दाखविण्यास मनाई केली आणि अशी फसगत झालेल्याला ते जनावर ठेवण्याचा किंवा परत करण्याचा पर्याय दिला. या हदीसच्या अंमलाबाबत इमामांत मतभेद आहेत, कृत्य निषिद्ध असण्याबाबत नाहीत. आणि धान्याच्या ढिगाची हदीस तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्रेषितांनी (स.) ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस पडला होता. तर मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले, आणि फसविणारा माझा नव्हे, असे सुनावले. त्या माणसाने धान्य स्वतः भिजविले नव्हते, हे विसरू नका. पाऊस अल्लाहचा होता. त्याने फक्त कोरडे वर ठेवले.

'जशी आहे तशी' या शब्दांविषयीही थोडे. हनफी मसलकात विक्रेत्याने सर्व दोषांची जबाबदारी आधीच नाकारली आणि घेणाऱ्याने ते मान्य केले, तर परत करण्याचा रस्ता बंद होतो. शाफिई मसलकात गाडीसारख्या वस्तूबाबत ही अट घेणाऱ्याचा अधिकार घालवीत नाही. परंतु ठाऊक असलेला दोष या शब्दांखाली दडविण्याचे पाप कोणत्याच मसलकात माफ नाही. या तरुणाच्या बाबतीत तर हे शब्द सौद्यानंतर उच्चारले गेले होते, म्हणजे त्याचा परत करण्याचा अधिकार शाबूत होता. ऐब आढळला की गाडी परत करून पूर्ण रक्कम घ्या, नाहीतर ठरल्या किमतीत ठेवा, असा नियम आहे. पण दोष कळल्यानंतर वस्तू विक्रीला लावणे म्हणजे ती आपण पत्करली असे हनफी फुकहा समजतात. त्याने जाहिरात टाकली आणि त्याच क्षणी स्वतःचा अधिकार गमावला. हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला.

कायद्याचे एक कलमही इथे सांगून ठेवतो. नोंदणीपुस्तकावरचे नाव बदलण्यासाठी 29 आणि 30 क्रमांकाचे फॉर्म भरावे लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नाव बदलले नाही आणि त्या गाडीने कुणाला धडक दिली, तर भरपाईसाठी कायदा नोंदणीतील मालकालाच धरतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे स्पष्ट केले आहे. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत लिहून ठेवण्याचा आणि खरेदी-विक्रीला साक्षीदार करण्याचा जो आदेश आहे, त्याची किंमत अशा वेळी कळते. बँकेचा बोजा उतरला आहे का, हेही नोंदीत दिसते. गाडी ज्याची नाहीच असा कुणी दुसऱ्याचे फोटो लावून टोकन मागत असेल, तर तो सौदा नव्हे, चोरी आहे.

टोकनविषयी : सौदा मोडला म्हणून बयाणा जप्त करणे इमाम अहमद (रह.) वगळता तिन्ही इमामांच्या मते योग्य नाही. देताना परतीची अट लिहून घ्यावी. एका सहाबींना व्यवहारात वारंवार फसविले जाई, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सौद्याच्या वेळी 'फसवणूक नाही' असे म्हणायला शिकविले आणि तीन दिवसांचा पर्याय दिला. आपणही तीन दिवसांची मुदत मागावी. मागण्यात लाज नाही.

आता त्या तरुणाकडे येतो. तो मला म्हणाला, "मौलाना, माझ्यावर जुलूम झाला. चार लाख मी कुठून भरून काढू?" त्याचा राग खरा होता. घरी आईच्या बांगड्या गहाण होत्या. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक ती हदीस, जिच्यात ज्याने आपला विश्वासघात केला त्याचाही विश्वासघात न करण्याची शिकवण आहे. आणि इथे तर, मी म्हटले, ज्याने तुला फसविले तो कोल्हापूरचा नाही. कोल्हापूरच्याने तुझे काय केले? दुसरी, हजरत वासिला (रजि.) यांची. एका माणसाने उंटीण विकत घेऊन नेली. हजरत वासिला विक्रेते नव्हते, तरी ते त्याच्यामागे धावत गेले. ही मांसासाठी घेतलीस की प्रवासासाठी, असे विचारले. हजच्या प्रवासासाठी, असे उत्तर येताच तिच्या खुराला भोक आहे, असे त्यांनी सांगून टाकले. विकणारा चिडला, माझा सौदा बिघडवलात म्हणाला. त्यावर त्यांनी प्रेषितांची (स.) शिकवण ऐकविली : दोष न सांगता विकणे हलाल नाही, आणि ज्याला दोष ठाऊक आहे त्याने गप्प राहणेही हलाल नाही.

"म्हणजे आता तुम्हालाही ठाऊक आहे," तो म्हणाला.

"हो," मी म्हटले. "म्हणून टोकन घेतलेस तर मलाही फोन करावा लागेल."

त्याने तिथेच, मशिदीच्या पायरीवर बसून, जाहिरात उघडली. जुनी छायाचित्रे काढली. दुसऱ्या दिवशी कार्पेट उचलून गाळाचा फोटो घेतला आणि खाली लिहिले : पुराचे पाणी गेलेली गाडी, किलोमीटरची खात्री नाही. कोल्हापूरच्या गृहस्थाचा पुन्हा फोन आला नाही. पाच आठवडे कुणाचाच आला नाही, आणि त्या पाच आठवड्यांत तो दोनदा माझ्याकडे येऊन भांडून गेला, हेही सांगायला हवे. शेवटी एका गॅरेजवाल्याने सुट्या भागांसाठी ती एक लाख पस्तीस हजारांना नेली. मूळ विक्रेत्याविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगात चालू आहे. बांगड्या अजून सुटलेल्या नाहीत. जमातीतील चार जणांनी मिळून त्याला बिनव्याजी कर्ज-ए-हसना दिले आहे आणि तो दरमहा तीन हजार फेडतो. पहिला हप्ता द्यायला आला तेव्हा स्कूटरवरून आला होता. ती मात्र त्याने स्वतः चालवून, पाहून घेतली होती.