घोट्याच्या हाडावरची खूण

शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. सर्वांत जास्त हाताळली ती हातापायांची हाडं. प्रौढ माणसाच्या २०६ हाडांपैकी १०६ हाडं या चार ठिकाणीच असतात: प्रत्येक हातात २७, प्रत्येक पावलात २६. पहिल्या वर्षाची मुलं मनगटाची आठ हाडं ओळखताना रडकुंडीला येतात, कारण सुटी पाहिली तर ती नदीतल्या खड्यांसारखी दिसतात.

सुटी हाडं पाहायला धर्मग्रंथही सांगतात. बौद्धांच्या महासतिपट्ठान सुत्तात भिक्षूला स्मशानात टाकलेल्या देहाचं चिंतन करायला सांगितलं आहे. त्यातल्या एका टप्प्यावर सांधे सुटलेले असतात, हाताचं हाड एकीकडे, पायाचं दुसरीकडे. ते पाहून भिक्षूनं मनाशी म्हणायचं, माझं शरीरही याच जातीचं, त्यालाही हे चुकणार नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत ३६० हाडांची मोजदाद येते, तीही यतिधर्माच्या प्रकरणात. सुश्रुतानं ३०० मोजली, पण ती शल्यवैद्यासाठी. संन्याशानं हाडं मोजायची ती देहाची ओढ सुटावी म्हणून.

अशी सुटी हाडं आयुष्यभर पाहूनही माझी ओढ सुटली नाही, उलट वाढली. त्याला कारण टॅलस. हे घोट्याचं हाड. नडगीवरून येणारा सगळा भार ते पावलात उतरवतं, आणि तरी त्याला एकही स्नायू चिकटलेला नसतो. आपल्याकडच्या कितीतरी टॅलसच्या मानेवर, पुढच्या बाजूला, एक छोटा गुळगुळीत पैलू सापडतो. माणूस उकिडवा बसला की नडगीच्या हाडाची खालची कड तिथं टेकते. वर्षानुवर्षं टेकत राहिली की हाड त्या जागी तसं घडतं. लाहोरला शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांनी पंजाबी माणसांच्या पायांच्या हाडांवर अशा खुणांचा अभ्यास करून १८९३ साली लेख लिहिला. खुर्चीवर बसणाऱ्या समाजांत ही खूण बरीच कमी दिसते.

शिकवण्यासाठी ठेवलेल्या आमच्या पेटीतल्या हाडांना नाव नव्हतं, गाव नव्हतं, जात नव्हती. पण तो पैलू बोटाला लागला की कळायचं, हा माणूस जन्मभर उकिडवा बसत आला. चुलीपुढे, खुरपणीला, की धुण्याच्या दगडापाशी, ते हाड सांगत नाही.

बुद्धांनी नित्य आत्मा नाकारला, कर्म मात्र नाकारलं नाही. ‘मी’ म्हणून टिकणारा कुणीच नसेल, तर केलेलं उरतं कुठं, हा प्रश्न फार जुना आहे. टॅलसवरच्या खुणेनं कर्मसिद्धान्त सिद्ध होतो असं मी म्हणणार नाही. ती खूण कुठल्या पुढच्या जन्मात जात नाही, हाडाबरोबरच संपते. पण करणारा कोण हे पुसलं गेलं आणि करणं उरलं, अशी वस्तू मी हातात धरलेली आहे. म्हणून मला भिक्षूच्या त्या स्मशानातल्या चिंतनात आणखी एक वाक्य हवंसं वाटतं: या हाडानं कुणाचं तरी काम केलं आहे. ते वाक्य गळलं की वैराग्याची तुच्छता व्हायला वेळ लागत नाही. डिसेक्शन हॉलमध्ये हाडं एकमेकांकडे फेकणारी मुलं मी पाहिली आहेत. मरणाची भीती त्यांना नव्हती, हे खरं. पण त्याला मी वैराग्य म्हणणार नाही.

मी देहदानाचा अर्ज भरला, तेव्हा थोरले भाऊ, आमचे दादा, म्हणाले, “मग तिसऱ्या दिवशी आम्ही अस्थी कुठून गोळा करायच्या?” त्यांचा प्रश्न मला हलका वाटत नाही. राखेतून आपल्या माणसाचं हाड हातानं वेचणं ही भिक्षूच्या नजरेच्या अगदी दुसऱ्या टोकाची गोष्ट आहे, आणि मला ती जवळची वाटते. त्यांना सांगितलं, “दादा, माझी हाडंही कुणीतरी हातात घेईलच. फक्त ते पोर आपल्या घरचं नसेल.” त्यांना ते पटलेलं नाही. अजून आमचं त्यावर बोलणं चालू आहे.